शाळाच अंगणात आली

अंगणवाडी म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? वजनकाटा, खिचडीचं पातेलं आणि रजिस्टरं भरता भरता मेटाकुटीला आलेली अंगणवाडीताई. आमच्या महिला मंडळाचं काम वस्तीत असल्यामुळे या ताईंशी माझा नेहमीचाच संबंध येतो. हे नाव कुणी ठेवलं, असं मी त्यांना अधूनमधून विचारते. बहुतेक जणी सांगतात, सरकारनं. खरं तर सरकारनं हे नाव ठेवलं नाही, उचललं. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. त्याच्या कितीतरी आधी बोर्डी नावाच्या समुद्रकाठच्या गावात, दलित वस्तीतल्या अंगणात, पन्नाशी ओलांडलेल्या एका बाईंनी हा प्रयोग करून दाखवला होता. त्या बाई म्हणजे ताराबाई मोडक. आज देशभरात १४ लाखांच्या आसपास अंगणवाड्या आहेत आणि त्यांतल्या फार थोड्या ठिकाणी ताराबाईंचं नाव कुणाला माहीत असेल.

पण मैत्रिणींनो, आज त्यांच्याबद्दल लिहायचं कारण सरकारी योजना नाही, आपल्या घरातली तीन-चार वर्षांची पिल्लं आहेत. मूल अडीच वर्षांचं झालं की आयांचे प्रश्न सुरू होतात. घरी काय शिकवू? कुठली खेळणी आणू? शेजारच्या मुलाला शंभरपर्यंत येतं, आमचं अजून दहालाच अडखळतं, काय करू? बाजारात तर शैक्षणिक खेळण्यांचा नुसता पूर आलाय. डब्यावर वय लिहिलेलं असतं, किंमत मात्र बघवत नाही. अशा वेळी मला ताराबाईंचं आयुष्य आठवतं. महागडी साधनं हाताशी असताना त्यांनी काम केलं, आणि ती हाताशी नसताना त्याहून मोठं काम केलं.

ताराबाईंचा जन्म १८९२ चा. माहेरच्या त्या केळकर. वडील सदाशिवराव आणि आई उमाबाई दोघंही प्रार्थना समाजाचे, त्यामुळे मुलींनी शिकायचं हे घरात ठरलेलंच होतं. १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या काळी बी. ए. झालेल्या बायका किती असतील, कल्पना करा! पुढे कृ. वि. मोडक या अमरावतीच्या वकिलांशी त्यांचं लग्न झालं. सुशिक्षित जोडपं, मोठं घर, समाजात मान. बाहेरून बघणाऱ्याला हेवा वाटावा असा संसार. पण तो टिकला नाही. १९२१ च्या सुमारास ताराबाई नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या आणि तान्ह्या वयाच्या लेकीला, प्रभाला, घेऊन बाहेर पडल्या.

शंभर वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे. आजही माहेरी परत आलेल्या मुलीकडे शेजारपाजार कसा बघतो ते आपल्याला माहीत आहे. रत्नाकर मतकरींनी ताराबाईंच्या आयुष्यावरून ‘घर तिघांचं हवं’ हे नाटक लिहिलं. त्या नावातच सगळं आलं. ज्या बाईला स्वतःचं तिघांचं घर लाभलं नाही, तिनं पुढची पन्नास वर्षं दुसऱ्यांच्या मुलांना घर कसं असावं हे शोधण्यात घालवली. मी याला त्याग वगैरे म्हणणार नाही. पोटापाण्याचा प्रश्न होता, शिक्षण होतं, हिंमत होती. त्यांनी नोकरी धरली, ती राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजात. तिथल्या त्या पहिल्या भारतीय महिला प्राचार्य. पगार चांगला, बंगला, नोकरचाकर.

आणि दोन वर्षांत हे सगळं सोडून त्या भावनगरला गेल्या!

भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका होते. हे गृहस्थ मूळचे वकील. मुलगा झाला तेव्हा त्याला शिकवायचं कसं, या विचारात पडले, त्यात मारिया माँटेसरींचं लिखाण हाती आलं आणि वकिली कायमची सुटली. १९२० मध्ये त्यांनी भावनगरला बालमंदिर सुरू केलं. मुलं त्यांच्या अंगाखांद्यावर खेळत, म्हणून लोक त्यांना मिशीवाली आई म्हणायचे. १९२३ मध्ये ताराबाई त्यांना येऊन मिळाल्या. १९२६ मध्ये दोघांनी मिळून नूतन बालशिक्षण संघ काढला. शिक्षणपत्रिका हे मासिक आधी गुजरातीत आणि पुढे मराठीतही चालवलं.

या बालमंदिरात काय चालायचं, हे समजून घेण्यासारखं आहे, कारण आजच्या कितीतरी नर्सरींना ते अजून जमलेलं नाही. तिथे शिक्षा नव्हती आणि बक्षीसही नव्हतं. शिक्षा नाही हे आपल्याला पटकन पटतं. बक्षीस नाही हे मात्र पचनी पडत नाही. एवढं संपव, चॉकलेट देते, हे वाक्य दिवसातून किती वेळा आपल्या तोंडून जातं! गिजुभाई-ताराबाईंचं म्हणणं असं, की मुलाला कामातच आनंद असतो. चॉकलेट दाखवलं की त्याचं लक्ष कामावरून उडून चॉकलेटवर जातं. माँटेसरींची साधनं त्यांनी घेतली, आणि त्यांत गोष्टी, नाटकं, गाणी, भटकंती यांची आपल्याकडून भर घातली. माँटेसरी पद्धतीत गोष्टींना एवढं स्थान नव्हतं. आपल्या आजीच्या मांडीवरची गोष्ट शाळेत आली ती अशा लोकांमुळे.

माँटेसरींच्या साधनांबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत, त्याशिवाय ताराबाईंनी पुढे काय केलं ते कळायचं नाही. लाकडाच्या लांब ठोकळ्याला दहा खाचा असतात आणि त्यांत बसणारे दहा दट्टे. एका पेटीत ते जाड-बारीक, दुसरीत उंच-बुटके. मुलानं सगळे बाहेर काढायचे, मिसळायचे आणि परत ज्याच्या त्याच्या खाचेत बसवायचे. चुकलं तर शेवटी एक दट्टा उरतो, कुठेच बसत नाही. मग मूल आपणच पुन्हा बघतं. चूक दाखवायला बाई लागत नाहीत, दट्टाच दाखवतो. माझ्या मते सगळ्या माँटेसरी शिक्षणाचं मर्म इथेच आहे. शिवाय दट्ट्याच्या वरची छोटी मूठ अंगठा आणि दोन बोटांनीच धरता येते. पुढे पेन्सिल धरायची ती याच तीन बोटांनी. मूल खेळत असतं आणि हात लिहिण्यासाठी तयार होत असतो.

गंमत बघा. माँटेसरींनी १९०७ मध्ये आपली पहिली शाळा काढली ती रोममधल्या सान लोरेंझो भागातल्या गरीब कामगारांच्या मुलांसाठी. पण जगभर फिरता फिरता हे शिक्षण श्रीमंतांचं होऊन बसलं. लाकडी साधनं महाग, त्यासाठी मोठी खोली हवी, शिकलेल्या बाई हव्यात. आपल्याकडेही तेच झालं. ताराबाई भावनगरहून मुंबईला आल्या आणि १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झालं. शाळा उत्तम, तिथे बालशिक्षिकाही घडू लागल्या. पण येणारी मुलं कुणाची? डॉक्टर, वकील, प्रोफेसर यांची. खेड्यातल्या, झोपडीतल्या मुलांपर्यंत यातलं काहीच पोचत नव्हतं. गांधीजींच्या नई तालीमचा विचार तेव्हा सात वर्षांच्या आतल्या मुलांपर्यंत येऊन पोचला होता. ताराबाईंनी ठरवलं, खेड्यात जायचं.

१९४५ साल. वय त्रेपन्न. आपण या वयात गुडघ्यांच्या तक्रारी करत असतो! ठाणे जिल्ह्यातल्या (आता पालघर जिल्हा) बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झालं. त्याच वर्षी त्याच भागात वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला होता, हेही लक्षात ठेवा. म्हणजे आजूबाजूला किती दारिद्र्य, किती दडपणूक असेल. ताराबाईंच्या बरोबर होत्या अनुताई वाघ. १९१० सालच्या, मोरगावच्या. लहानपणीच लग्न होऊन तेराव्या वर्षी विधवा झालेल्या, आणि जिद्दीनं शिकून शिक्षिका झालेल्या. दोघींच्या वयात अठरा वर्षांचं अंतर. पुढे अठ्ठावीस वर्षं ही जोडी टिकली.

बोर्डीत बालवाडी उघडली आणि मग खरी परीक्षा सुरू झाली. ज्यांच्यासाठी शाळा काढली ती मुलं येतच नव्हती. आईबाप पहाटे मजुरीला जाणार. तीन वर्षांच्या मुलाला आंघोळ घालून, कपडे घालून, वेळेवर पोचवणार कोण? पाच-सहा वर्षांच्या मुलीच्या कडेवर तिचं धाकटं भावंडं. शिवाय दलित वस्तीतल्या मुलांनी गावातल्या शाळेत येऊन बसणं कुणाकुणाला खुपणार, तेही होतंच. वस्तीतल्या मुलांना बोलावून आणायचं, ती थोडा वेळ बसून पळून जायची.

शेवटी ताराबाईंनी उलटा विचार केला. मुलं शाळेत येत नाहीत ना, मग शाळाच मुलांकडे नेऊ. वस्तीतल्या अंगणात बायांनी जाऊन बसायचं. आधी अंगण झाडायचं, मग मुलांना गोळा करायचं. नाक पुसायचं, आंघोळ घालायची, नखं कापायची, केस विंचरायचे. हाच पहिला पाठ. मग गाणी, गोष्टी, खेळ. आया दारात उभ्या राहून बघायच्या, आणि बघता बघता त्याही शिकायच्या. अंगणात भरली म्हणून अंगणवाडी.

आता प्रश्न साधनांचा. दादरहून लाकडी पेट्या आणणं परवडणारं नव्हतं, आणि आणून अंगणात मांडल्या तरी त्या मुलांना त्या परक्याच वाटल्या असत्या. बोर्डीच्या किनाऱ्यावर शिंपले-शंख पडलेले. झाडांची पानं, फुलं, बिया, काड्या, खडे, माती, हवं तेवढं. ताराबाई-अनुताईंनी तेच साधन केलं. शिंपले लहान-मोठे लावायचे. बिया वेगवेगळ्या करायच्या. पानांच्या जोड्या शोधायच्या. खडे मोजायचे. मातीची फळं, मातीचे प्राणी करायचे. वीस-बावीस वर्षं ज्या पद्धतीत काम केलं, जिची पुस्तकं लिहिली, जिच्यात शेकडो शिक्षिका तयार केल्या, तिचं बाहेरचं रूप या बाईंनी बाजूला ठेवलं आणि आतलं तत्त्व तेवढं उचललं. पन्नाशीनंतर हे करणं किती अवघड असतं! आपण तर आमटीत गूळ आधी की चिंच आधी यावरसुद्धा सुनेचं ऐकत नाही.

बोर्डीचं हे अंगण मला आपल्या स्वयंपाकघरापेक्षा फार वेगळं वाटत नाही. ताराबाईंनी शिंपल्यांचं जे केलं ते आपल्याला डब्यांचं करता येतं. वस्तीतल्या आयांबरोबर आणि माझ्या ओळखीच्या फ्लॅटमधल्या आयांबरोबर आम्ही मंडळातर्फे जे करून बघितलं, ते सांगते.

आठ-दहा स्टीलचे डबे घ्या, वेगवेगळ्या मापांचे. झाकणं काढून एका ताटात मिसळून ठेवा आणि मुलाला बसवा झाकणं लावत. चुकीचं झाकण बसतच नाही. लहान झाकण आत पडतं, मोठं हलतं. मूल स्वतःच बदलून बघतं. ही तुमची दट्ट्यांची पेटी, फुकटात. हे जमलं की डब्यांची उतरंड रचायला द्या, मोठा खाली, लहान वर. पडली तर आवाज होईल, होऊ द्या. दुपारी आजोबा झोपले असतील तर मात्र वाट्यांवर भागवा, एकात एक बसणाऱ्या.

राजमा, चवळी आणि वाल एका परातीत मिसळा, तीन वाट्या ठेवा. साडेतीन-चार वर्षांचं मूल अर्धा अर्धा तास बसतं. मी बघितलंय, आईला खोटं वाटतं, पण बसतं. फक्त तुम्ही जवळ असलं पाहिजे, कारण तीन वर्षांच्या आतली मुलं दाणा नाकात-कानात घालतात, गिळतात. त्यांना दाणे नकोत, त्यांना बटाटे-कांदे-लिंबं वेगळी करायला द्या.

सारख्या दिसणाऱ्या सहा बंद डब्या घ्या. दोनांत तांदूळ, दोनांत मीठ, दोनांत हरभरे. झाकणं घट्ट लावून चिकटपट्टी मारा. आता हलवून, कानाशी धरून जोड्या लावायच्या. बरोबर की चूक ते शेवटी उघडून बघायचं. तसंच वासाचं. डोळे मिटून हिंग, वेलची, कढीपत्ता, लिंबाचं साल ओळखायचं. जुन्या कपड्यांचे तुकडे, रेशमी, सुती, लोकरीचे, आणि एक गोणपाटाचा. डोळ्यांवर रुमाल बांधून हातानं जोड्या जुळवायच्या. घरातल्या मोठ्यांनीही खेळून बघा, वाटतं तितकं सोपं नाही.

पाणी ओतणं हा तर मुलांचा जीव की प्राण. आपण ओरडतो, पाणी सांडू नको म्हणून. त्याऐवजी परातीत एक छोटा तांब्या आणि दोन पेले ठेवा. तांब्यात अर्धंच पाणी. एकदा आपण सावकाश, न बोलता करून दाखवायचं आणि बाजूला व्हायचं. सांडलं तर पुसायचं फडकं शेजारीच ठेवलेलं. पुसणंही त्यानंच करायचं, आणि फडकं पिळणंही. पिळताना मनगट किती छान फिरतं बघा.

आणि रांगोळी! चिमटीत रांगोळी धरून ती सोडणं यात अंगठा आणि तीच दोन बोटं काम करतात. ज्यांच्या दारात अजून रांगोळी पडते त्यांनी मुलाला शेजारी बसवून एक ओळ काढू द्यावी, वेडीवाकडी का होईना. मटार सोलणं, लसूण सोलणं, पोळीच्या कणकेचा गोळा करणं, रुमालाची कोनाला कोन जुळवून घडी घालणं, हे सगळं त्याच जातीचं. रुमालाची तिरकी घडी घातली की त्रिकोण झाला, सरळ घातली की आयत झाला, हे मुलाला शब्दाआधी हातानं कळतं.

हे सगळं मी एवढ्या तपशिलानं लिहिते आहे त्याला कारण आहे. आमच्या मंडळात येणाऱ्या एका आईचा मुलगा साडेतीन वर्षांचा. ज्या नर्सरीत जातो तिथून त्याला एक ते पन्नास आकडे लिहून आणायचा गृहपाठ असतो. पेन्सिल इतकी दाबून धरतो की अंगठ्याचं नख पांढरं पडतं. वही पुढे ठेवली की पोट दुखतं. आम्ही आईला समजावलं. ती घरी डबे, दाणे, कणीक देऊ लागली, मुलगा त्यात रमतो. पण वही काही सुटलेली नाही, कारण वही भरली नाही तर तिलाच बोलावून घेतात. दुसरी शाळा घरापासून लांब आणि फी जास्त. तिनं काय करावं, याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षं हा पायाभूत स्तर मानलाय आणि खेळातून शिक्षणावर भर दिलाय. कागदावर ताराबाई जिंकल्या म्हणायच्या. पण कोपऱ्यावरच्या नर्सरीत वहीच चालते, आणि खरं सांगायचं तर ती आपल्याला हवी असते म्हणून चालते. मूल दाण्यांच्या जोड्या लावून आलं तर आपण विचारतो, आज काही शिकवलंच नाही का?

ताराबाईंनाही लोक विचारत असणारच. अंगणात धूळ खेळणाऱ्या पोरांबरोबर शिंपले मांडत बसलेली बी. ए. झालेली बाई. पण त्या नुसत्या अंगणात बसून राहणाऱ्या नव्हत्या. १९४६ ते १९५१ त्या मुंबई विधानसभेच्या सदस्य होत्या. शिक्षणपत्रिका, पुस्तकं, शिक्षिकांचे वर्ग, सगळं एकीकडे चालू. मुलांसाठी आणि पालकांसाठी त्यांनी भरपूर लिहिलं. ‘नदीची गोष्ट’ हे त्यांचं पुस्तक. १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं.

१९५६-५७ च्या सुमारास केंद्र बोर्डीहून जवळच्या कोसबादच्या टेकडीवर गेलं, आदिवासी पाड्यांमध्ये. इथे अडचण आणखी वेगळी. बालवाडी चालायची, पण मोठी बहीण शाळेत येईना, कारण तिच्या कडेवर तान्हं. तेव्हा एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा. बहिणीनं तान्ह्याला पाळण्यात ठेवायचं, मधल्याला बालवाडीत सोडायचं आणि स्वतः वर्गात जाऊन बसायचं. याला नाव दिलं विकासवाडी. आज ऑफिसात पाळणाघर हवं म्हणून आपण भांडतो, ते या बायांनी वारली मुलींसाठी तेव्हाच केलं होतं. तरीही काही मुलं उरलीच, गुरं राखायला जाणारी. मग त्यांच्यासाठी कुरणशाळा. गुरं चरतात तिथेच शिक्षकानं जायचं, झाडाखाली बसायचं, एक डोळा गाईवर आणि एक डोळा अक्षरांवर. मुलगा शाळेत येत नाही तर दोष मुलाचा, असं या दोघींच्या डोक्यात कधी आलंच नाही. दर वेळी त्यांनी शाळेचाच आकार बदलला.

मला ताराबाईंमधली ही गोष्ट फार आवडते. बालशिक्षणावर बोलणारे पुष्कळ असतात. मूल म्हणजे देवाघरचं फूल, असं म्हणून डोळे ओले करणारेही असतात. ताराबाई मुलाचं नाक पुसण्यापासून सुरुवात करायच्या. कडेवरचं तान्हं कुठे ठेवायचं हा प्रश्न त्यांना शिक्षणशास्त्राचा वाटायचा. घर चालवणाऱ्या बाईला हे लगेच कळतं, कारण तिचं सगळं शहाणपण अशाच प्रश्नांतून आलेलं असतं.

३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाई गेल्या. सरकारी योजना यायला अजून दोन वर्षं होती. अनुताई मागे कोसबादलाच राहिल्या आणि त्यांनी काम पुढे नेलं, पाड्यांवरच्या अंगणवाड्या, शिक्षिकांचं प्रशिक्षण, सगळं. त्यांना १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली. ‘कोसबादच्या टेकडीवरून’ हे त्यांचं आत्मचरित्र. ज्यांच्या घरात लहान मूल आहे त्यांनी वाचनालयातून आणून जरूर वाचावं, त्यात ताराबाई भेटतात. अनुताई १९९२ च्या सप्टेंबरात गेल्या, तोवर कोसबाद त्यांनी सोडलं नव्हतं.